न्यायमूर्ति रानडे यांचीं हायकोर्टापूर्वींचीं बावीस वर्षें

मोठ्या माणसांचीं चरित्रें वाचतांना आपणां सर्वांनाच एक खोड लागलेली असते. त्यांच्या आयुष्याचा शेवटचा, मानमरातबाचा भाग आपण मन लावून वाचतों, आणि त्यापूर्वींचीं कष्टाचीं वर्षें भरभर चाळून पुढें जातों. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव घेतांच मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ व समाजसुधारक अशी त्यांची भव्य मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु हायकोर्टाच्या आसनावर ते सात वर्षांहून थोडेसेच अधिक होते. त्यापूर्वीं सन १८७१ पासून १८९३ पर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षें, त्यांचें आयुष्य बहुतेक खालच्या कोर्टांत गेलें. शेतकऱ्यांचे व सावकारांचे दावे ऐकण्यांत, खतें व हिशेबाच्या वह्या तपासण्यांत, आणि एका गांवाहून दुसऱ्या गांवीं झालेल्या बदल्या निमूटपणें सोसण्यांत तें गेलें. त्याच बावीस वर्षांची हकीकत या लेखांत सांगावयाची आहे. कारण आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकीं फारच थोडे उंच आसनावर बसतील. पुष्कळांचें आयुष्य लहानशा अधिकाराच्या जागीं जाईल. तसल्या जागेचें काय करावयाचें, हें या हकीकतीवरून समजण्यासारखें आहे.

महादेवरावांचा जन्म ता. १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड या गांवीं झाला. वडील गोविंदराव हे मामलेदार कचेरींत कारकून होते. पुढें ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत गेले, म्हणून महादेवरावांचें बाळपण कोल्हापुरास गेलें. लहानपणीं ते अबोल व मंद दिसत. हा मुलगा पुढें पोटापुरतें तरी मिळवील कीं नाहीं, अशी घरच्या मंडळींस काळजी वाटे. आपल्या मुलांविषयीं लवकर निराश होणाऱ्या आईबापांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कोल्हापुरांतील इंग्रजी शाळेंतला अभ्यास संपल्यावर वयाच्या सुमारें चौदाव्या वर्षीं ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत गेले. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना सन १८५७ सालची. त्या विश्वविद्यालयाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली, तींत उत्तीर्ण झालेल्या अवघ्या एकवीस विद्यार्थ्यांत ते एक होते. १८६२ सालीं जे पहिले बी. ए. झाले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याबरोबर त्यांचेंही नांव आहे. १८६४ सालीं ते एम्. ए. व १८६६ सालीं एल्एल्. बी. झाले. अहोरात्र वाचन केल्यामुळें त्यांचे डोळे कायमचे अधू झाले, आणि पुढील आयुष्यांत दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी त्यांच्यावर आली. विद्येसाठीं त्यांनीं जी किंमत दिली ती अशी खरीखुरी होती.

कॉलेजांतील एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. एका निबंधांत त्यांनीं मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशीं करून मराठ्यांची बाजू उचलून धरली. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांच्यावर लोभ करणारे गृहस्थ. पण या निबंधानें ते रुष्ट झाले आणि त्यांनीं महादेवरावांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. महादेवरावांनीं आपलें मत बदललें नाहीं, आणि गुरूविषयींचा आदरही कमी होऊं दिला नाहीं. मत सोडावयाचें नाहीं आणि राग धरावयाचा नाहीं, हा त्यांचा स्वभाव तेव्हांपासूनचा.

परीक्षा संपल्यावर कांहीं दिवस सरकारी विद्याखात्यांत भाषांतरकार, मग अक्कलकोट संस्थानांत कारभारी, त्यानंतर कोल्हापूर संस्थानांत न्यायाधीश, आणि १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक, अशीं निरनिराळीं कामें त्यांनीं केलीं. १८७१ सालीं ते हायकोर्टाच्या अ‍ॅडव्होकेटची परीक्षाही उत्तीर्ण झाले. आतां त्यांच्यापुढें दोन वाटा होत्या. मुंबईस राहून वकिली केली असती, तर त्यांच्यासारख्या बुद्धिमान माणसास द्रव्याची ददात पडती ना. दुसरी वाट सरकारी न्यायखात्याची; तींत पगार ठरीव, आणि बढतीची वाट लांब. महादेवरावांनीं ही दुसरी वाट धरली, आणि १८७१ च्या अखेरीस ते पुण्यास फर्स्ट क्लास सबजज्ज होऊन गेले. त्या वेळीं त्यांचें वय एकोणतीस वर्षांचें होतें.

सबजज्ज म्हणजे कोण, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. ज्यांस पूर्वीं मुन्सफ व सदर अमीन म्हणत, त्यांच्या जागीं १८६९ च्या मुंबई दिवाणी कोर्टांच्या कायद्यानें सबजज्ज आले. त्यांत दोन वर्ग होते. दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जानें पांच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालवावे. पहिल्या वर्गाच्या सबजज्जास रकमेची मर्यादा नव्हती. लाखाचा दावा असला तरी त्याचा पहिला निकाल तोच देई, आणि पांच हजारांवरील दाव्याचें अपील एकदम हायकोर्टांत जाई. काम इतकें जबाबदारीचें खरें; पण त्याच्या डोक्यावर असलेली जिल्हा न्यायाधीशाची जागा त्या काळीं बहुधा विलायतेहून परीक्षा देऊन आलेल्या सिव्हिलियनासाठीं राखलेली असे. म्हणून एखादा विद्वान हिंदी मनुष्य सबजज्जाच्या जागीं बसला, म्हणजे पुष्कळदां तेथेंच त्याचे केस पांढरे होत.

परंतु सामान्य रयतेच्या दृष्टीनें पाहिलें, तर खरें न्यायमंदिर तेंच. गरीब कुळास हायकोर्टाचें तोंड जन्मांत दिसत नाहीं. त्याची साक्ष कोणीं ऐकली, त्याचें खत कोणीं वाचलें, त्याच्या शेताचा निकाल कोणीं लाविला? तो निकाल खालच्या कोर्टांतल्या न्यायाधीशानेंच लाविलेला असतो. ही गोष्ट महादेवरावांनीं फार लवकर ओळखली होती, असें त्यांच्या पुढील सर्व कामावरून दिसतें.

पुण्यास ते कोर्टाचें काम संपवून घरीं येत, आणि मग त्यांचें दुसरें काम सुरू होई. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे सार्वजनिक काका, यांनीं १८७० सालीं सार्वजनिक सभा स्थापन केली होती. महादेवराव तिचे मुख्य सल्लागार झाले. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळांत सभेनें गांवोगांवची माहिती जमवून सरकारपुढें मांडली, आणि १८७८ पासून सभेचें त्रैमासिक निघूं लागलें. त्या त्रैमासिकांतील पुष्कळ लेख महादेवरावांच्याच हातचे असत. सरकारी नोकरानें असें काम करावें, हें कित्येक वरिष्ठांस रुचत नसे. पण त्यांनीं कोर्टाच्या कामांत कसूर केली, असें म्हणण्यास कोणास जागा सांपडली नाहीं.

याच पुण्याच्या मुक्कामांत त्यांच्या खाजगी आयुष्यांतील एक अवघड प्रसंग आला. तो लपवून ठेवणें योग्य नव्हे. महादेवराव विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी होते. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. आतां हे एखाद्या विधवेशीं विवाह करून आपलें बोलणें खरें करून दाखवितील, अशी त्यांच्या मित्रांस आशा होती. परंतु वडिलांनीं घाईघाईनें अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचें लग्न ठरविलें. महादेवरावांनीं पुष्कळ विरोध केला. शेवटीं वडिलांचें मन मोडवेना, आणि ते लग्नास उभे राहिले. लोकांनीं त्यांस फार नांवें ठेविलीं, व तीं अगदींच अन्यायाचीं होतीं असें म्हणतां येत नाहीं. त्यांनींही आपला बचाव करीत बसण्याचें टाळलें. त्या मुलीस त्यांनीं स्वतः धुळाक्षरांपासून शिकविलें, घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा जाच तिनें सोसला, आणि तीच पुढें रमाबाई रानडे या नांवानें महाराष्ट्रास परिचित झाली. पुण्याच्या सेवासदनाचें काम १९०९ पासून तिनें उभारलें, आणि पतीच्या सहवासांतील आठवणी लिहून ठेवून आपणांवर मोठे उपकार केले. चूक पुसून टाकतां येत नाहीं. परंतु चुकीनंतर उरलेलें कर्तव्य मनापासून करतां येतें, हें यावरून दिसतें.

१८७८ सालीं त्यांची बदली नाशिकास झाली. तेथें स्थिरस्थावर होतात न होतात, तोंच १८७९ सालीं एक मोठें संकट कोसळलें. त्या वर्षीं वासुदेव बळवंत फडके यांनीं पुणें जिल्ह्याच्या आसपास बंड उभारलें. मे महिन्यांत पुण्यांतील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. पुण्याचे सुशिक्षित ब्राह्मण या बंडाच्या मुळाशीं असावेत, असा संशय अधिकाऱ्यांच्या मनांत शिरला. त्यांतल्या त्यांत रानडे हे पुढारी, म्हणून त्यांच्यावर विशेष नजर. आगी लावण्याच्या आरोपांत सांपडलेल्या एका मनुष्याचें आडनांव रानडेच असल्यामुळें तर त्या संशयांत भरच पडली. ऐन सुटींत त्यांना तडकाफडकी धुळ्यास जाण्याचा हुकूम आला.

धुळें त्या काळीं पुण्यामुंबईपासून फार आडबाजूस. तेथें पोंचल्यावर त्यांच्या नांवाचीं पत्रें आधीं फोडलीं जात आणि मग त्यांच्या हातीं पडत. इतकेंच नव्हे, तर बंडवाल्यांच्या नांवानें लिहिलेलीं पत्रेंही त्यांस येऊं लागलीं. तीं त्यांनीं जवळ ठेविलीं असतीं, तर तेवढ्यावरच त्यांच्या गळ्यास फांस लागता. महादेवरावांनीं तीं सरळ पोलिसांकडे पाठवून दिलीं. याविषयीं त्यांनीं कोणाजवळ त्रागा केला नाहीं, कीं वरिष्ठांच्या दारीं निरपराधीपणाचे दाखले घेऊन फिरले नाहींत. ठरल्या वेळीं कोर्टांत बसावें, समोर आलेले दावे चालवावे, निकाल लिहावे, एवढाच त्यांचा क्रम. कांहीं काळानें अधिकाऱ्यांचा संशय आपोआप विरून गेला.

विद्यार्थी मित्रांनो, या ठिकाणीं क्षणभर थांबा. ज्या सरकारचे आपण न्यायाधीश, तेंच सरकार आपलीं पत्रें फोडीत आहे, हें ठाऊक असतां दररोज सकाळीं उठून निर्मळ मनानें दुसऱ्याचा न्याय करावयाचा, हें किती कठीण! ज्याच्यावर अन्याय होतो, त्याचें मन बहुधा कडू होतें, आणि तो कडूपणा त्याच्या हाताखालच्या माणसांवर निघतो. महादेवरावांनीं तो आपल्या निकालांत उतरूं दिला नाहीं. धुळ्यांतील ही परीक्षा मला विश्वविद्यालयाच्या सर्व परीक्षांहून मोठी वाटते.

१८८१ च्या आरंभीं थोडे महिने मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचें काम करून ते पुन्हा पुण्याकडे आले, आणि त्यांच्या न्यायखात्यांतील आयुष्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू झाला. त्याचें कारण समजण्यासाठीं आपणांस थोडें मागें जावें लागेल. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला. त्यांनीं सावकारांचीं घरें गांठून कर्जाचीं खतें व दस्तऐवज ओढून काढले आणि जाळले. ही आग मग पुणें व नगर या जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं पसरली. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः कागदावर होता, यांत मोठा अर्थ आहे. कुळास लिहितां वाचतां येत नसे. घेतले शंभर आणि खतावर किती लिहिले, हें त्यास कळत नसे. जुनें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत होई, आणि तें पुन्हा वाढे. सावकारानें फिर्याद केली म्हणजे बिचारा शेतकरी भीतीनें कोर्टांत जातच नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई, आणि त्याच्या जोरावर शेत, गुरें, घर यांवर जप्ती येई. वेळेस कुळ तुरुंगांतही जाई. यांत न्यायाधीशानें कायदा मोडलेला नसे. खतावर अंगठा आहे, प्रतिवादी गैरहजर आहे, मग निकाल सरळच! कायदा पाळूनही अन्याय होऊं शकतो, हें या दंग्यांनीं सर्वांस दाखविलें.

चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू होता. त्याचें तत्त्व असें कीं, न्यायाधीशानें केवळ खतावर विसंबूं नये; खताच्या पाठीमागें जाऊन पहिल्या कर्जापासूनचा सर्व हिशेब तपासावा, प्रतिवादीस बोलावून त्याचें म्हणणें ऐकावें, व्याज वाजवी धरावें, आणि देण्याचे हप्ते बांधून द्यावे. कर्जासाठीं शेतकऱ्यास कैद करूं नये. अगदीं लहान रकमेच्या दाव्यांसाठीं गांवोगांव मुन्सफ नेमावे, आणि कोर्टांत जाण्यापूर्वीं उभयतांचा सलोखा करून पाहणारे गृहस्थही असावे, अशी त्यांत योजना होती.

कायदा कागदावर उत्तम असला तरी तो चालविणारे कोण? महादेवराव प्रथम असिस्टंट स्पेशल जज्ज व पुढें स्पेशल जज्ज झाले. त्यांनीं या जिल्ह्यांतील खालचीं कोर्टें फिरून तपासावयाचीं होतीं. वर्षांतील कित्येक महिने ते फिरतीवर असत. आज या तालुक्यास मुक्काम, उद्यां त्या गांवीं. कोर्टांतील निकाल वाचावे. न्यायाधीशानें हिशेब खरोखर पाहिला आहे कीं नुसतेंच लिहिलें आहे, हें ताडून पाहावें. जेथें अन्याय दिसेल तेथें निकाल दुरुस्त करावा. ज्यानें स्वतः सबजज्जाच्या खुर्चीवर वर्षानुवर्षें काढलीं होतीं, त्यासच तेथील घाई, कंटाळा व चुका बरोबर समजणार. पूर्वींचीं वर्षें वायां गेलीं नव्हतीं, हें आतां दिसून आलें.

तरी केवळ कायद्यानें शेतकऱ्याचें कर्ज फिटेल, असा त्यांचा भाबडा समज नव्हता. सावकाराचा हात आंखडला, आणि दुसरीकडून पैसा मिळाला नाहीं, तर शेतकऱ्यानें बीं कोठून आणावें? म्हणून शेतकऱ्यांस थोड्या व्याजानें कर्ज देणाऱ्या पेढ्या निघाव्या, असें ते सांगत. पुण्यास जिल्हा न्यायाधीश असलेले सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यांत अशी पेढी काढण्याची योजना केली, तीस त्यांचा मनापासून पाठिंबा होता. विलायतेंतील वरिष्ठांनीं ती मंजूर केली नाहीं. परंतु पुढें १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हां या विचारास फळ आलें. महादेवराव मात्र तोंपर्यंत हयात नव्हते.

१८८४ सालीं ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. १८८५ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत त्यांची नेमणूक झाली. मान वाढत होता, पण हायकोर्ट अजून दूरच होतें. १८८९ सालीं काशिनाथ त्रिंबक तेलंग हे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. तेलंग मोठे विद्वान व सर्वथा योग्य. परंतु ते महादेवरावांहून आठ वर्षांनीं लहान होते, आणि वकिलीच्या वाटेनें आले होते. महादेवरावांनीं अठरा वर्षांपूर्वीं जी वाट सोडली, तीच लवकर पोंचविणारी ठरली! यामुळें त्या दोघांच्या स्नेहांत बिघाड आला नाहीं, आणि फिरतीवरील कामांतही ढिलाई आली नाहीं.

याच सुमारास त्यांच्या दुबळेपणाचा आणखी एक प्रसंग घडला. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें शहरांतील कांहीं मंडळींस बोलावणें होतें. तेथें चहा देण्यांत आला. कोणीं घेतला, कोणीं नुसता पेला हातीं घेऊन खालीं ठेविला. पुढें तीं सर्व नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. १८९२ सालीं महादेवरावांनीं मित्रांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतलें. सुधारक मंडळींस याचें फार वाईट वाटलें. आपल्यासारख्या शाळेंत, जेथें नाना जातींचीं व धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, तेथें एका पेल्याची ही कथा विचित्र वाटेल. पण तो काळ तसा होता. जो दुसऱ्यांच्या खतांमागचा सर्व हिशेब तपासी, त्याचाही हिशेब आपण पुरता वाचला पाहिजे. त्यांत जमेची बाजू फार मोठी आहे, म्हणून नांवेची बाजू झांकण्याचें कारण नाहीं.

१ सप्टेंबर १८९३ रोजीं तेलंग अकालीं वारले, आणि त्यांच्या जागीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत महादेवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आतां ते एक्कावन वर्षांचे होते. पुढील सात वर्षांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. अर्थशास्त्रावरील त्यांचे निबंध १८९८ सालीं व मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास १९०० सालीं प्रसिद्ध झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखा शिष्य त्यांच्या हाताखालीं तयार झाला. परंतु शरीर थकलें होतें. जानेवारी १९०१ मध्यें त्यांनीं हृदयविकारामुळें रजा घेतली, आणि ता. १६ जानेवारीस रात्रीं मुंबईस त्यांचा अंत झाला. एकोणसाठ वर्षें पुरीं होण्यास दोनच दिवस उरले होते.

विद्यार्थी मित्रांनो, आणि त्यांच्या आईबापांनो, महादेवरावांस लोक न्यायमूर्ति म्हणतात. ती पदवी हायकोर्टानें दिली हें खरें. पण तिला अर्थ आला तो पुण्याच्या, नाशिकच्या व धुळ्याच्या कोर्टांत, आणि दुष्काळी तालुक्यांतून झालेल्या फिरतींत. त्या बावीस वर्षांत मोठी जागा मिळेल या आशेनें त्यांनीं लहान जागेचें काम उरकून टाकलें नाहीं. समोर उभा असलेला, लिहितां वाचतां न येणारा, भ्यालेला प्रतिवादी हाच आपल्या कामाचा धनी, असें समजून ते वागले. हायकोर्ट मिळालें नसतें, तरी त्या प्रतिवादीचा न्याय झालाच असता. तुम्हांपैकीं कोणी तलाठी होईल, कोणी कारकून, कोणी पोस्टांत, कोणी शाळामास्तर. तुमच्या टेबलापुढें एक मनुष्य कागद घेऊन उभा राहील, आणि त्यास तो कागद वाचतां येणार नाहीं. त्या वेळीं त्याला बसावयास सांगा, आणि तो कागद पहिल्या ओळीपासून नीट वाचा.